मोजे चावतात

सकाळचे आठ चाळीस झालेले. खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतायत, बायको ऑफिसला निघून गेलेली, आणि आमचे चिरंजीव दारातल्या पायपुसण्यावर फतकल मारून डाव्या पायातला मोजा ओढून काढतायत. मी घातला की तो काढतो, घातला की काढतो. चौथ्यांदा घातला तेव्हा त्याने असा काही टाहो फोडला की समोरच्या काकू दार उघडून बघायला लागल्या, आणि त्या बघतायत म्हणून का आणखी कशाने माहीत नाही, पण मी त्याच्या पोटरीवर एक चापट मारली. चापट कसली, फटकाच. बोटं उठली होती.

हुंदके देत देत तो म्हणाला, "बाबा, मोजे चावतात."

तेव्हा तो ३ वर्षं २ महिन्यांचा होता. आणि मला, खरं सांगतो, हसू आलं. चप्पल चावते, नवीन बूट चावतात, हे आपण सगळेच म्हणतो, पण मोजे? मऊ सुती मोजे? नाटकी आहे कार्टं, आजीने लाडावलंय, असं मनात म्हणत मी त्याला तसाच उचलून व्हॅनमध्ये कोंबला.

पुढे आठ-नऊ महिन्यांनी एका थेरपिस्ट मॅडमनी तोच मोजा हातात घेऊन उलटा केला आणि बोटांच्या टोकाशी असलेली शिवण मला दाखवली. "ही बघा बाबा, ही दिवसभर त्याच्या बोटांना लागत असते. तुम्हाला पाच मिनिटांत विसरायला होतं, त्याला होत नाही." झालं. एवढंच. आता तो सहा वर्षांचा होईल, अजून मोजे उलटेच घालतो, शिवण बाहेर. शाळेत कोणीतरी हसलं तेव्हा त्याने सांगितलं म्हणे, की माझे मोजे असेच असतात.

तो फटका मात्र माझ्या हाताला अजून आठवतो.

लेखात मी त्याला टिल्लू म्हणणार आहे. घरात वेगळं नाव आहे, पण मोठा झाल्यावर त्याने हे वाचून माझ्या नावाने शंख करायला नको.

मागे वळून बघितलं तर सगळं समोरच होतं. जावळाच्या वेळी मशीन डोक्याला टेकल्याबरोबर तो निळा पडेपर्यंत रडला, सगळे म्हणाले सगळीच मुलं रडतात. मिक्सर लावला की दुसऱ्या खोलीत जाऊन पलंगाखाली घुसायचा. मॉलमधल्या टॉयलेटमध्ये ते हात वाळवायचं मशीन असतं ना, ते एकदा अचानक सुरू झालं, त्यानंतर वर्षभर तो बाहेर कुठेही शू करायला तयार नव्हता, म्हणजे पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका लग्नात याला शू लागली म्हणून आम्ही जेवणं सोडून कर्वेनगरला घरी आलोय. जेवणाचं तर विचारूच नका. वरणभात चालायचा पण त्यात मोहरी दिसली की संपलं, मेतकूट-भात चालायचा, पोळी नाही पण खाकरा हो, केळं बघितलं तरी उलटी. आणि दुसरीकडे हाच मुलगा सोफ्यावरून धाडकन खाली उड्या मारणार, भिंतीला धडका देणार, गुडघा फुटून रक्त आलं तरी ढिम्म. आई म्हणायची, "अरे एवढा दांडगट मुलगा, आणि मिक्सरला घाबरतो? काहीतरीच."

मजा म्हणजे आम्ही सगळ्यात आधी गेलो ते कानाच्या डॉक्टरकडे. कारण चार-चार हाका मारल्या तरी वळून बघायचा नाही. ती बेरा का काय ती टेस्ट केली, झोपेचं औषध देऊन, कान एकदम ठणठणीत. बायको रिपोर्ट बघून रडायला लागली, मला वाटलं आनंदाने. ती म्हणाली, "अरे कान चांगलेत म्हणजे मग आता काय?"

मग डेव्हलपमेंटल पेडिअॅट्रिशियन, म्हणजे मुलांची वाढ-विकास बघणाऱ्या डॉक्टर, मग मोठमोठे फॉर्म. त्या फॉर्ममध्ये एकेक वाक्य असतं आणि पुढे नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही असे पर्याय. अनोळखी माणसाने हात लावला तर अंग चोरतो का. जेवताना विशिष्टच वस्तू खातो का. सतत हालचाल लागते का. आम्ही दोघं रात्री अकरा वाजता डायनिंग टेबलवर बसून भांडत भांडत तो भरला, ती म्हणायची नेहमी, मी म्हणायचो कधीकधी. मला सगळं 'कधीकधी'च वाटत होतं कारण मी दिवसातून दोन तास घरी असायचो, हे तिने तेव्हा बोलून दाखवलं नाही. नंतर दाखवलं.

डॉक्टर म्हणाल्या, ऑटिझम म्हणण्याइतकं आत्ता दिसत नाहीये, सहा महिन्यांनी परत बघू, पण सेन्सरी अडचणी, म्हणजे आवाज-स्पर्श-चव फार जास्त किंवा फार कमी जाणवणं, भरपूर आहेत, ओटी सुरू करा.

ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, कपडे घालणं, जेवणं, खेळणं असली रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून असते ती. पण घरात हा शब्द आला तेव्हा फार गोंधळ झाला. आईने विचारलं, "कुणाची ओटी भरायचीये?" आणि फोनवर मामाला सांगितलं तर त्याला वाटलं ऑपरेशन थिएटर, तो बिचारा पैशांची जुळवाजुळव करायला लागला. सगळं नीट समजावून सांगितल्यावर आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "थेरपी का काय ते असेल तुमचं. मला तर थेरंच वाटतात. आमच्या वेळी दोन दिवस उपाशी ठेवलं की मुलं सगळं खायची."

पहिलं सेंटर आम्ही घराजवळ म्हणून निवडलं. नाव लिहीत नाही. चकाचक रिसेप्शन, भिंतीवर फुलपाखरं, आणि सहा महिन्यांचं पॅकेज आधी भरा म्हणजे डिस्काउंट. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काही काळजी करू नका, नॉर्मल करून देऊ." तेव्हा हे वाक्य किती गोड वाटलं होतं. पालकांनी आत यायचं नाही असा नियम. दर वेळी दाराआडून रडण्याचा आवाज, आणि बाहेर आल्यावर घामाने थबथबलेला टिल्लू. तिसऱ्या आठवड्यात दार अर्धवट उघडं राहिलं होतं, तर आत एका ताईने त्याचे दोन्ही हात धरलेले आणि दुसरी त्याची बोटं शेव्हिंग फोममध्ये बुडवतीये. सवय व्हायला पाहिजे ना, म्हणाले. बायकोने त्याला उचललं आणि चपलासुद्धा न घालता रिक्षात बसली. उरलेले पैसे आम्ही मागितले, मिळाले नाहीत, पुढे मागायचं सोडून दिलं.

एक शिकलो, की जिथे आईबापाला आत बसू देत नाहीत तिथे मूल सोडायचं नाही. बाकी कुठलं सेंटर चांगलं कुठलं वाईट हे मला विचारू नका, मला नाही कळत.

दुसरं सेंटर एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर होतं, फुलपाखरं वगैरे काही नाही. एक मोठी खोली, छताला हुक, त्याला टांगलेला लाकडी फळ्यांचा झोका, स्ट्रेच होणाऱ्या कापडाची एक झोळी, खाली गाद्या, एक छोटा ट्रॅम्पोलिन, तांदळाने भरलेला टब. पहिल्या दिवशी मॅडमनी टिल्लूला काहीच करायला लावलं नाही. पंचेचाळीस मिनिटं त्या गादीवर बसून राहिल्या आणि तो खोलीच्या कडेकडेने फिरत राहिला. माझ्या डोक्यात मीटर चालू, एका सेशनचे ८०० रुपये. शेवटच्या पाच मिनिटांत तो आपणहून झोळीत शिरला आणि आतून आवाज आला, "ढकल." मॅडम म्हणाल्या, "झालं आजचं काम."

मी इंजिनियर माणूस, मला असं 'झालं काम' पटत नाही. रात्री बसून वाचत सुटलो. तर या सगळ्याच्या मुळाशी आहेत जीन एअर्स नावाच्या अमेरिकन बाई, १९२० चा जन्म, स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट. सेन्सरी इंटिग्रेशन हा विचार त्यांनी मांडला, १९७२ मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. म्हणणं असं, की आपल्याला पाचच इंद्रियं शिकवतात पण आणखी आहेत. एक आतल्या कानात, तिथल्या तीन अर्धगोल नळ्यांमधलं पाणी हलतं त्यावरून डोकं कुठल्या दिशेला फिरतंय ते मेंदूला कळतं. दुसरं स्नायू आणि सांध्यांमध्ये, डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे, किती जोर लावायचा, हे ज्याच्यामुळे समजतं ते. आणि तिसरं शरीराच्या आतलं, भूक लागली, शू लागली, छाती धडधडतीये हे सांगणारं. या सगळ्यांच्या बातम्या मेंदूत एकत्र नीट लागल्या नाहीत तर काही बातम्या किंचाळत येतात, काही येतच नाहीत. म्हणून मिक्सर किंचाळतो आणि फुटलेला गुडघा गप्प बसतो.

हे वाचून मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं, पण मी पुढेही वाचलं, आणि पुढचं कोणी पटकन सांगत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या डॉक्टरांना सांगितलंय की सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, म्हणजे बातम्यांचा हा गोंधळ, असं वेगळं निदान सहसा करू नका, आणि या थेरपीचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगा. २०१३ मध्ये मानसिक आजारांची ती अमेरिकन यादी नव्याने आली, डीएसएम-५, तिच्यातही हा स्वतंत्र आजार नाही. ऑटिझमच्या लक्षणांमध्ये मात्र आवाज-स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं हे तिथे आलंय. २०२२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या १३८ ऑटिस्टिक मुलांवरचा अभ्यास आला, त्यात मुलांच्या चिडचिडीच्या मुख्य मोजमापात या थेरपीने नेहमीच्या उपचारांपेक्षा काही जास्त फरक दाखवला नाही. घरच्यांनी ठरवलेल्या छोट्या छोट्या उद्दिष्टांमध्ये, म्हणजे कपडे घालणं, जेवायला बसणं असल्या गोष्टींत, सुधारणा नोंदली गेली.

मी हे सगळं मोबाईलवर घेऊन मॅडमकडे गेलो, जरा तावातावानेच. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे की. मी पण तुम्हाला मेंदू बदलून देते असं कुठे म्हणाले? तुम्ही तीन गोष्टी लिहून द्या. घरात रोज कशावरून रडारड होते? तेवढ्या तीन. तीन महिन्यांनी त्यात फरक नसेल तर आपण थांबू."

आम्ही लिहिलं: मोजे, केस कापणं, कुकरची शिट्टी.

बायकोला चौथं लिहायचं होतं. तिने लिहिलं नाही पण मला दिसलं होतं, तिला लिहायचं होतं 'ढोल'.

आता इथे मला माझ्याबद्दल सांगायला लागेल. मी अकरा वर्षं ढोल वाजवत होतो. पथकात. जुलै लागला की रोज संध्याकाळी ऑफिसमधून थेट म्हात्रे पुलाखाली नदीपात्रात सराव, रात्री दहापर्यंत, मग गाडीवर भुर्जी-पाव. ज्याने कमरेला ढोल बांधला नाही त्याला हे सांगून कळणार नाही. ते पाच-पन्नास ढोल एकदम पडतात ना, तो आवाज कानात येतच नाही, तो बरगड्यांमध्ये येतो. वर ताशाची तर्री. लक्ष्मी रोडला मिरवणुकीत भर उन्हात सहा-सहा तास वाजवून हात सोलवटलेत, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळल्यात, आणि मी आयुष्यात इतका शांत दुसरीकडे कुठेच झालेलो नाही. शांत हाच शब्द आहे.

आणि माझ्याच पोराला हा आवाज टोचतो. हे मी नाही म्हणत, तो म्हणायचा, "बाबा, टोचतंय." आमचं घर कर्वेनगरला नदीच्या बाजूला, चौथा मजला. जुलै ते गणपती, रोज संध्याकाळी सात वाजता पात्रातून धडाड धडाड सुरू, आणि आमच्या घरात खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्ही मोठ्याने, आणि तरीही टिल्लू बाथरूममध्ये टबात बसलेला, कानावर हात. कायदा काय म्हणतो मला पाठ आहे, २००० सालचे नियम, राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, सणासुदीला रात्री बारापर्यंतची सवलत वगैरे. पाठ आहे कारण पथकात असताना पोलिसांशी हुज्जत घालायला मीच पुढे असायचो.

म्हणजे दोन वर्षं असं चाललं होतं की बायको त्याला घेऊन बाथरूममध्ये बसायची आणि मी तिकडे तोच आवाज करत असायचो. तिने एकदाही 'जाऊ नको' म्हटलं नाही. म्हणाली असती तर मी भांडून गेलो असतो, तेवढं तिला माहिती होतं.

एका सेशनला मॅडम मला त्या दुसऱ्या इंद्रियाबद्दल सांगत होत्या, स्नायू आणि सांध्यांच्या. म्हणाल्या, जड काहीतरी अंगावर घेणं, ढकलणं, दाबणं, एका ठेक्यात तेच तेच करणं, याने बहुतेकांना शांत वाटतं, कुणी जिमला जातं, कुणी कणीक मळतं, तुमचं काय? मी सहज म्हटलं, ढोल. पोटावर दहाएक किलो वजन बांधून दोन तास एका ठेक्यात बडवणं. बोलता बोलता मीच थांबलो. टिल्लू सोफ्यावरून उड्या का मारतो, भिंतीला धडका का देतो, हे मला कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. मला जे लागत होतं तेच त्यालाही लागत होतं. फक्त मला ते आवाजासकट चालत होतं.

त्या वर्षी मी पथक सोडलं. मोठा त्याग वगैरे केला असं समजू नका, मी चिडचिड करत सोडलं आणि अनंत चतुर्दशीला दिवसभर घरात भांडत होतो.

मॅडमनी मग आम्हाला सेन्सरी डाएट लिहून दिलं. हा शब्द ऐकून आई खवळली, "आधीच काडी झालीये पोराची आणि त्यात डाएट?" म्हणून मी तिला कागद वाचून दाखवला. सकाळी उठल्यावर जड पांघरुणात गुंडाळून दाबणे. झोका. जड पिशवी उचलणे. पिठाचा गोळा मळणे. तेलाने खोलवर मालिश. धान्यात हात घालून खेळणे.

आईने कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून परत वाचला, आणि म्हणाली, "याचे ८०० रुपये घेतात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तान्ह्याला दुपट्यात घट्ट बांधायचं, मोहरीच्या उशीवर निजवायचं, तेल जिरवून जिरवून अंग रगडायचं, हे तिनेच केलं होतं त्याला, आणि मग तो सव्वा वर्षाचा झाल्यावर आपण सगळंच बंद केलं. तिच्या माहेरी वाईला वाड्यात पितळी कड्यांची बंगई होती, चिडलेल्या मुलाला त्यावर टाकायचे. तेवढ्यावरून 'आपल्या पूर्वजांना सगळं माहिती होतं' अशातला मी नाही, पूर्वजांना माहिती असतं तर हट्टी म्हणून कितीतरी मुलांनी मार खाल्ला नसता. पण आईला त्या कागदावर काहीतरी ओळखीचं दिसलं एवढं खरं. दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून तिच्या आईची गोधडी काढली. सहा नऊवारी लुगडी एकावर एक, हाताने टाके घातलेली, वजन एवढं की वाळत घातली की दोरी ताणून खाली येते. आम्ही ऑनलाइन वजनाचं जॅकेट मागवलं होतं, ३२०० रुपयांचं, ते टिल्लूने एकदाही घातलं नाही, कारण त्याला आतून लेबल होतं. गोधडीला लेबल नाही.

आता रोज सकाळी आमच्याकडे सुरळीची वडी असते. टिल्लू गोधडीच्या एका टोकाला आडवा पडतो, आजी त्याला गुंडाळत नेते, मग वरून दाबायचं, मग खोबरं-कोथिंबीर भुरभुरायची, म्हणजे बोटं नाचवायची, पण ती नुसती गोधडीवरून, त्याच्या चेहऱ्यावर नाही, हा नियम त्याने केलाय. मग तो म्हणतो "अजून जोरात", आणि बहात्तर वर्षांची माझी आई गुडघ्यावर ओणवी होऊन सगळं वजन टाकते. मग कणकेचा गोळा. भाजी आणायला गेलो की बटाट्याची पिशवी तोच उचलतो, दोन किलो, फेंगडा चालत का होईना, घरापर्यंत.

सगळं जमलं असं नाही. मऊ ब्रशने दर दोन तासांनी अंग घासायचं असतं एक, ते आम्ही पंधरा दिवस गजर लावून केलं, आमच्याच डोक्याला ताप झाला, सोडून दिलं. जेवण अजून बेताचंच आहे, दोन वर्षांत तीन नवीन पदार्थ आले, त्यातला एक बाकरवडी. मोहरीचं असं झालं की आधी तो कोरडी मोहरी ताटात हाताने पसरायचा, मग फोडणी करताना लांबून तडतड मोजायचा, आणि एक दिवस बोटावर एक दाणा घेऊन जिभेला लावून थुंकला. बायकोने मला ऑफिसमध्ये फोन करून सांगितलं, "थुंकला!" आम्ही दोघं फोनवर हसत होतो, शेजारच्या डेस्कवरच्याला वाटलं प्रमोशन झालं.

कुकरचं सोपं निघालं. त्याला आवाजापेक्षा अचानकपणाचा त्रास होता. म्हणून आता शिट्टी यायच्या आधी तो सूं आवाज येतो ना, तेव्हा त्याने ओट्यापासून लांब उभं राहून ओरडायचं, "येतीये येतीये येतीये!" म्हणजे शिट्टीवर त्याचं राज्य. मेट्रोचंही तेच. आम्ही घाबरत घाबरत वनाजहून बसवला होता, म्हटलं गर्दी, दाराचा बीप, अनाऊन्समेंट, उतरायला लागेल पुढच्याच स्टेशनला. कसलं काय. पुढे काय होणार ते ती बाई आधीच सांगते, आणि सांगते तसंच होतं, याच्याइतकी आवडीची गोष्ट त्याला जगात दुसरी सापडलेली नाही. आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन, तोंडपाठ. कधी फारच बिनसलं असेल तर मी त्याला घेऊन वनाज ते सिव्हिल कोर्ट आणि परत अशी चक्कर मारतो, कुठेही जायचं नसतं. हेच पीएमटीत शक्य नाही, ती कधी येईल आणि ब्रेक कधी लागेल हे तिलाच माहिती नसतं.

केस मी कापतो. कात्रीने, रविवारी, आधी पाच मिनिटं डोकं दोन्ही तळव्यांनी दाबून. वाकडेतिकडे होतात. आई म्हणते उंदराने कुरतडल्यासारखे, पण तो रडत नाही.

वेटिंगमध्ये बसून बसून लोक ओळखीचे झाले. बहुतेक आया आणि आज्या, बाप मी धरून दोन. चाकणहून एक ताई दोन बस बदलून येतात, मुलाला कानावर मोठे इयरमफ लावून, बसमधले लोक विचारतात गाणी ऐकतोय का, त्या हो म्हणतात. बारामतीकडचं एक जोडपं मुलासाठी इथे भाड्याची खोली घेऊन राहतंय. त्यांच्यासमोर मी ८०० रुपयांबद्दल तोंड उघडत नाही. शाळेचा विषय निघाला की मात्र सगळेच बोलतात. आम्हाला एका शाळेने सांगितलं होतं, मुलाबरोबर बसायला माणूस तुम्हीच आणा आणि त्याचा पगार तुम्हीच द्या. आत्ताच्या शाळेतल्या बाईंनी एवढंच विचारलं, "घंटेच्या बाजूला नको ना बसवायला?" आणि त्याला भिंतीकडेचा बाक दिला. काही लोकांना फार सांगावं लागत नाही.

तीन महिन्यांनंतर आम्ही थांबलो नाही. मोजे झाले, केस अर्धे झाले, शिट्टी झाली. थेरपीने झालं, का तो मोठा झाल्याने, का आम्हीच त्याला उलटे मोजे देऊ लागलो म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणतात, तिन्ही.

परवा पथकातला मित्र घरी आला, त्याच्या नवीन फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून एक ढोल आमच्याकडे ठेवून गेला, गणपतीपर्यंत. गॅलरीत ठेवला. टिल्लूने दोन दिवस गॅलरीचं दार बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दार उघडून ढोलासमोर उभा होता, मी लांबूनच बघितलं, गेलो नाही. त्याने ढोलाच्या ताणलेल्या पानावर तळहात ठेवला. मग गाल. मग मला म्हणाला, "बाबा, हा आत्ता झोपलाय?"

म्हटलं, हो.

"उठवू नको. नुसतं बोटाने."

मी एका बोटाने टिचकी मारली, अगदी हलकी. त्याने पोट ढोलाला टेकवलं होतं. त्याचे डोळे मोठे झाले. "पोटात येतं," म्हणाला. परत एक. परत एक. मी ठेका धरला, अकरा वर्षांची सवय, बोटाची दोन बोटं झाली, दोनाची चार, आणि तो म्हणाला, "बंद." मी बंद केलं. माझं बोट तसंच वर, अधांतरी.

तो आत गेला आणि गोधडी ओढत ओढत घेऊन आला, अर्धी फरशीवर लोळतीये. ती त्याने ढोलावर टाकली, मला दुसरं टोक धरायला लावलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला गुंडाळला, दोन्ही बाजूंनी, पान झाकलं जाईल असा. "आता त्याला टोचणार नाही," म्हणाला, आणि वरून दोन्ही हातांनी दाबलं.

अजून तसाच आहे गॅलरीत. आई रोज सकाळी त्याच्यावरची गोधडी सोडवून आणते, सुरळीची वडी झाली की टिल्लू परत नेऊन गुंडाळतो, आणि ती कणीक मळायला घेताना पुटपुटत असते, "माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी, आणि ढोलाला. काय एकेक थेरं."